जिम थॉम्पसन: खुनी शेरीफ लिहिणारा लेखक

अमेरिकन गुन्हेकथाकार जिम थॉम्पसनच्या सर्वांत गाजलेल्या दोन कादंबऱ्यांत कायद्याचा रखवालदारच खुनी आहे. त्याचं मूळ मला त्याच्या घरातच दिसतं. १९०६ साली ओक्लाहोमातल्या अनाडार्को गावी तो जन्मला, तेव्हा वडील तिथले शेरीफ, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुख होते. पैशांच्या अफरातफरीचा आरोप झाला आणि १९०७ मध्ये ते परागंदा झाले. पुढे तेलाच्या धंद्यात त्यांनी बक्कळ कमावलं आणि सगळं गमावलंही.

जिम शाळेत असतानाच टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या हॉटेलात रात्रपाळीचा बेलबॉय झाला. दारूबंदीचा काळ; पाहुण्यांना चोरटी दारू पुरवली की पगाराच्या कैकपट टिप सुटायची. दिवसा शाळा, रात्री हे. विशीच्या आतच त्याची प्रकृती पार ढासळली. दारू मात्र जन्मभर सुटली नाही. त्याच्या लेखनातला काळोख लोक या व्यसनाच्या खाती टाकतात, ते मला पटत नाही. सभ्य माणसं दार लावून घेतल्यावर काय करतात, हे त्याने पोरवयात पाहिलं होतं. ते कसं विसरणार?

पहिली कादंबरी १९४२ची, पण सूर सापडला तो १९५२ मध्ये. तेव्हा लायन बुक्ससारखे प्रकाशक नव्या कादंबऱ्या थेट पंचवीस सेंटांच्या पेपरबॅकमध्ये छापत होते. समीक्षक तिकडे फिरकत नसत, त्यामुळे लेखकाला मोकळीक होती. 'द किलर इनसाइड मी'मधला डेप्युटी शेरीफ लू फोर्ड स्वतःच गोष्ट सांगतो. गोड हसत समोरच्याला झिजलेली सुविचारवजा वाक्यं ऐकवत राहतो, माणूस कासावीस झाला तरी थांबत नाही. पहिला खून व्हायच्या आधीच त्याची क्रूरता कळते, ती या बोलण्यातून. पुढच्या दोनेक वर्षांत थॉम्पसनने डझनभर कादंबऱ्या लिहिल्या.

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द किलिंग' (१९५६) चित्रपटासाठी त्याने लिहिलं, पण श्रेय फक्त संवादांचं मिळालं; ते त्याला फार लागलं. त्याच्या 'द गेटअवे' कादंबरीवर १९७२ मध्ये चित्रपट आला, त्यासाठी थॉम्पसनने लिहिलेली पटकथा मात्र नाकारली गेली.

फ्रान्सने त्याला आधी ओळखलं. खुनी शेरीफची त्याची दुसरी गाजलेली कादंबरी 'पॉप. १२८०', तिचा अनुवाद १९६६ मध्ये 'सेरी न्वार' या गुन्हेकथांच्या फ्रेंच मालेचं हजारावं पुस्तक ठरला. अमेरिकेत १९७७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचं एकही पुस्तक बाजारात नव्हतं. हस्तलिखितं जपून ठेव, दहाएक वर्षांत माझं नाव होईल, असं तो बायकोला सांगून गेला होता. १९८०च्या दशकाच्या मध्यात ब्लॅक लिझार्ड या छोट्या प्रकाशनाने त्याच्या कादंबऱ्या पुन्हा छापायला घेतल्या. त्याच्या 'द ग्रिफ्टर्स' कादंबरीवरच्या १९९०च्या चित्रपटाला चार ऑस्कर नामांकनं मिळाली.