मोतीबिंदू ‘पिकू द्या’ हा सल्ला आला कुठून?

मोतीबिंदू ‘कच्चा’ आहे, पिकला की काढू, हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. एके काळी हा सल्ला चुकीचा नव्हता. त्यामागे एक नव्हे, दोन कारणे होती.

सुईने डोळ्यातले गढूळ झालेले भिंग (हाच मोतीबिंदू) मागे ढकलून देण्याची प्राचीन रीत इथे बाजूला ठेवू. तिने उजेड लगेच दिसे, पण जंतुसंसर्गाने किंवा डोळ्यातला दाब वाढून पुष्कळ डोळे जात. १७४७ मध्ये पॅरिसला पारपटलाला, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याला, छेद देऊन, भिंगाचे आवरण फाडून आतला गर बाहेर काढला गेला. पहिले कारण इथले. पूर्ण न पिकलेल्या, म्हणजे अजून सगळे पांढरे न झालेल्या, भिंगाचा मऊ थर आवरणाला चिकटून मागे राही आणि डोळा सुजे. पिकलेले भिंग सुटून येई. म्हणून थांबायचे.

पुढे आवरणासकट अख्खे भिंग काढू लागले, तेव्हा हे कारण खरे तर संपले. तरी सल्ला टिकला, तो चष्म्यामुळे. भिंग गेल्यावर सुमारे +१० नंबरची जाड काच लागे आणि वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत. दुसरा डोळा बरा असेल तर दोन प्रतिमा जुळत नसत, एकाच्या दोन वस्तू दिसत. त्यापेक्षा दोन्ही डोळे अधू होईपर्यंत वाट पाहणे बरे.

१९४९ मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले गेले, १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आली. घडी होणाऱ्या भिंगांमुळे १०-१२ मिमीचा छेद तीन मिमीच्या आत आला. दोन्ही कारणे गेली; शब्द तेवढा उरला.

आज हिशेब उलटा आहे. भिंग जितके कडक, तितकी ध्वनिऊर्जा जास्त लागते आणि पारपटलाच्या आतल्या पेशी मरतात; त्या पुन्हा तयार होत नाहीत. पांढऱ्या भिंगात लाल परावर्तन, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतणारा लालसर उजेड, दिसत नाही आणि आवरण ओळखू येत नाही, त्यामुळे ते निळ्या रंगाने रंगवून मगच गोल कापावे लागते. फुगलेले भिंग डोळ्याच्या आतले पाणी वाहण्याची वाट अडवते, अतिपक्व भिंगातून प्रथिने झिरपतात. दोन्हींनी दाब चढून डोळा लाल होतो, ठणकतो. म्हणून आता पिकण्याकडे पाहत नाहीत. वाचन, रात्री समोरून येणारा दिव्याचा झोत, जिना उतरणे यांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करतात.

आणखी एक गोष्ट वाट पाहण्यात झाकली जाते. नजर मोतीबिंदूनेच कमी होते आहे असे धरून चालताना मागे काचबिंदू किंवा पडद्याचा आजार वाढत असू शकतो. भिंग पूर्ण पांढरे झाले की मागचे काही दिसत नाही. सोनोग्राफी करावी लागते आणि चारही बाजूंनी बॅटरीचा उजेड टाकून तो कुठून येतो हे विचारावे लागते. दिशा नीट सांगता आली नाही, तर भिंग कितीही चांगले बसवले तरी नजर किती परत येईल याची खात्री देता येत नाही.