कवळी निसटते की रुतते? क्लॅस्प आणि रेस्टमधला फरक

तोंडात काही दात शाबूत असताना बसवलेली काढती-घालती कवळी हलू लागली, की बहुतेकांची मागणी एकच असते: तार जरा घट्ट करून द्या. तार म्हणजे क्लॅस्प. तो दाताला विळखा घालून बसलेला दिसतो, त्यामुळे कवळीचा सगळा भार त्याच्यावरच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात भार पेलणं हे त्याचं काम नाहीच. ते काम रेस्टचं. रेस्ट म्हणजे दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर कोरलेल्या उथळ खाचेत टेकणारा धातूचा छोटा तुकडा. ओतीव धातूच्या कवळीत दोन्ही एकाच सांगाड्याचे भाग असतात आणि बरेचदा एकाच दातावर बसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण चिकट घास कवळीला हिरडीपासून दूर ओढतो तेव्हा अडवतो क्लॅस्प. घास चावताना कवळी हिरडीत दाबली जाते तेव्हा अडवतो रेस्ट.

क्लॅस्पची सगळी करामत दाताच्या आकारावर चालते. दात मध्ये फुगीर आणि हिरडीकडे निमुळता असतो. या फुगवट्याखालच्या भागाला अंडरकट म्हणतात. क्लॅस्पच्या पकडणाऱ्या हाताचं फक्त टोक तिथे शिरतं, बाकीचा हात वरच राहतो. किती शिरायचं हे सर्व्हेयर नावाच्या उपकरणावर दातांचा साचा ठेवून मोजतात. कोबाल्ट-क्रोमियमचा ओतीव हात ताठ असल्यामुळे त्याला साधारण 0.25 मिलिमीटर पुरतं. वळवून केलेली तार जास्त लवते, म्हणून ती 0.5 मिलिमीटरपर्यंत नेता येते. कवळी निघू लागली की टोकाला फुगवट्यावरून लवून जावं लागतं, आणि तो विरोध म्हणजेच पकड. दाताच्या दुसऱ्या बाजूला असतो तो ताठ हात. तो पकडत नाही. पहिला हात लवताना दात ढकलला जाऊ नये म्हणून समोरून टेकू देतो.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट अशी, की कवळी जागेवर बसलेली असताना क्लॅस्पने दातावर अजिबात जोर द्यायचा नसतो. ओढ लागली तरच त्याने कामाला लागायचं. दिवसभर दाताला आवळणारा क्लॅस्प हा चांगला क्लॅस्प नव्हे. तो हळूहळू दात सरकवू शकतो.

रेस्टचं गणित याहून सोपं, पण चुकलं तर महागात पडणारं. त्याची खाच चमच्यासारखी गोलसर असते आणि तिचा तळ दाताच्या मध्याकडे किंचित उतरता ठेवतात. म्हणजे भार मुळाच्या दिशेने सरळ खाली जातो, आणि मुळाभोवतीचे तंतू असा सरळ भार उत्तम पेलतात. आडवा किंवा तिरका हिसका त्यांना सोसत नाही. तळ बाहेरच्या बाजूला उतरता झाला, तर प्रत्येक घासाला रेस्ट घसरतो आणि दाताला ढकलतो. दाताच्या कडेपाशी रेस्टच्या धातूला साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर जाडी लागते. तेवढी जागा दातात आधी कोरलेली नसेल, तर रेस्ट एकतर उंच होऊन चावताना टोचतो, नाहीतर पातळ होऊन तुटतो.

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असतील, म्हणजे रिकामी जागा कुठे आहे यावरून केनेडी या दंतवैद्याने 1925 मध्ये केलेल्या वर्गीकरणातला तिसरा वर्ग, तर दोन्हीकडच्या रेस्टवर भार निभावतो. खरी परीक्षा पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात. तिथे मागच्या दाढा गेलेल्या असतात, कवळीचं पुढचं टोक दातावर आणि मागचं नुसत्या हिरडीवर. दात जेवढा दबतो त्याच्या कितीतरी पट हिरडी दबते. त्यामुळे चावताना कवळीचा मागचा भाग खाली जातो आणि ती रेस्टभोवती फिरते. रेस्ट शेवटच्या दाताच्या मागच्या कडेला आणि क्लॅस्पचं टोक त्याच्या पुढे असेल, तर ते टोक वर उचललं जाऊन फुगवट्यात अडकतं आणि दाताला पिळतं. खुंटा हलवून हलवून उपटावा, तसा हा प्रकार. तोच रेस्ट दाताच्या पुढच्या कडेला नेला, तर टोक त्याच्या मागे येतं. चावताना ते खाली सरकतं आणि दात मोकळा राहतो. क्लॅस्प कसाही असो, त्याचं वर्तन असं रेस्टच्या जागेवर ठरतं. म्हणून आराखडा काढताना आधी रेस्ट, मग क्लॅस्प, हाच क्रम मला योग्य वाटतो.

नुसत्या ॲक्रिलिकच्या आणि बहुतेक लवचीक नायलॉनच्या कवळ्यांत रेस्ट नसतोच. वरच्या जबड्यात टाळूचा रुंद आधार मिळतो, म्हणून तिथे काही काळ भागून जातं. खालच्या जबड्यात तो आधार नाही. कवळी खाली खाली रुतत जाते, क्लॅस्पही जागा सोडून हिरडीत घुसतो आणि दाताच्या मानेजवळची हिरडी सोलवटते. तात्पुरती कवळी म्हणून ठीक, पण कायमची घेताना मी तरी धातू दिसतो का यापेक्षा रेस्ट आहे का हे आधी विचारेन.

एक अपवाद गोंधळ वाढवतो. मागची जागा मोकळी असलेल्या कवळीत पुढे कुठेतरी, बहुधा पहिल्या उपदाढेवर किंवा सुळ्यावर, क्लॅस्पशिवाय एकटाच रेस्ट दिसतो. चिकट घासाने मागचा भाग उचलला की पुढचा भाग खाली जायला बघतो, त्याला हा अडवतो. दिसायला रेस्ट, कामाने पकडीचा मदतनीस.

तेव्हा हलणारी कवळी घेऊन डेंटिस्टकडे जाण्याआधी ती केव्हा हलते हे बघा. बोलताना, जांभई देताना किंवा चिकट खाताना निघत असेल, तर शंका क्लॅस्पवर. चावताना मागून रुतत असेल, किंवा मागच्या भागावर बोट दाबल्यावर पुढचा रेस्ट खाचेतून उचलला जात असेल, तर खालचं हाड झिजून आधार गेलेला असतो. तिथे तळाला नवा थर देणं हा उपाय आहे, तार आवळणं नव्हे. आणि ओतीव हात पुन्हा पुन्हा वाकवला, तर तो एके दिवशी मोडतोच.