पर्याय कलम (भाडेपट्टा व खरेदी करार)

करारातलं असं कलम, ज्यात एका पक्षाला ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या अटींवर भाडेपट्टा पुढे चालू ठेवायचा किंवा जागा विकत घ्यायचा हक्क मिळतो, पण तसं करायची सक्ती नसते, बांधलेला असतो तो फक्त दुसरा पक्ष. बोलताना सगळे ऑप्शन क्लॉजच म्हणतात. नौपाड्यातल्या दुकानाच्या किंवा महाप्यातल्या गाळ्याच्या पट्ट्यात '5 अधिक 5 वर्षं' लिहिलं असेल तर दुसरी 5 बहुतेक वेळा हीच. प्री-एम्प्शन (आधी खरेदी करायचा हक्क) वेगळं, तिथे मालकाने विकायचं ठरवल्यावरच आपला नंबर लागतो.

या कलमाचं कायदेशीर स्वरूप काय यावर जुना वाद आहे. एक मत म्हणतं हा मागे न घेता येणारा प्रस्ताव, दुसरं म्हणतं हा सशर्त करारच, अट पुरी झाली की आपोआप पक्का. इंग्लंडमध्ये 1882 च्या गॉम खटल्यात पर्यायामुळे जमिनीतच हितसंबंध निर्माण होतो असं धरलं गेलं, म्हणून शाश्वततेविरुद्धचा (मालमत्ता अनिश्चित काळ बांधून ठेवू न देणारा) नियमही लागू झाला. त्याच वर्षीच्या आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मात्र कलम 54 मध्ये विक्रीच्या नुसत्या करारातून मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही असं स्पष्ट केलं, आणि 1967 च्या राम बरन प्रसाद निकालात सुप्रीम कोर्टाने प्री-एम्प्शनच्या अटीबाबत हीच वाट धरली. खरेदीच्या पर्यायालाही हाच तर्क जास्त पटतो.

प्रस्तावाच्या मताला इथे एक अडचण आहे, ती म्हणजे मोबदला. वेगळा मोबदला न घेता नुसता 'तीन महिने थांबतो' म्हणणारा मालक स्वीकार होण्याआधी शब्द फिरवू शकतो, पट्ट्यातल्या पर्यायाला मात्र पट्टाच मोबदला.

मुदतीबद्दल कोर्ट कडक आहे. कॅलटेक्सच्या खटल्यात (1969) नूतनीकरणाची नोटीस पट्टा संपण्याच्या दोन महिने आधी द्यायची होती, कंपनीला उशीर झाला आणि हक्क गेला. 1963 च्या सिम्रथमल निकालात विकलेली जागा परत घ्यायच्या पर्यायाचंही तेच झालं. एरवी जमिनीच्या विक्री करारात वेळेबाबत थोडी सवलत मिळते, इथे नाही, कारण हा हक्क म्हणजे एका बाजूला मिळालेली सवलतच.

'रिन्यूअल' आणि 'एक्स्टेन्शन' हे शब्द एजंट एकाच अर्थाने टाकतात (ड्राफ्ट कॉपी-पेस्टचा असला की दोन्ही एकाच ओळीत!). रिन्यूअल म्हणजे नवा पट्टा, म्हणजे नवा दस्त, आणि मुदत वर्षाहून जास्त असेल तर नोंदणीही. एक्स्टेन्शनमध्ये जुनाच पट्टा लांबतो. 'भाडं परस्पर संमतीने ठरेल' एवढंच लिहिलं तर कलम अनिश्चित ठरायची भीती असते, त्यामुळे टक्केवारी किंवा ठरवायची पद्धत लिहितात.

घरांचं बहुतेक काम लीव्ह अँड लायसन्सवर चालतं, त्यात मालमत्तेत हितसंबंध मिळत नाही. राहत्या जागेत मुदत संपूनही बसलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे दुप्पट रक्कम मागता येते. नवी मुंबईत सिडकोच्या 60 वर्षांच्या किंवा एमआयडीसीच्या 95 वर्षांच्या पट्ट्यावरच्या जागेत खरेदीचा पर्याय वापरला तरी हातात येतो तो उरलेला पट्टा, आणि हस्तांतराची परवानगी वेगळी काढावी लागते.