एक्स्टेन्शन बोर्ड व मल्टिप्लग : घरगुती सुरक्षितता

भिंतीतल्या सॉकेटमधून वीज पुढे नेण्यासाठी किंवा एकाच सॉकेटवर अनेक उपकरणे चालवण्यासाठी वापरायचे तात्पुरते साधन. प्लग, वायर आणि सॉकेटचा डबा मिळून होतो तो एक्स्टेन्शन बोर्ड. वायरीशिवाय थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये बसतो तो मल्टिप्लग. नळाच्या पाण्याची मोटार, घरघंटी, अंगणातला मांडव, गणपतीची आरास ही सांगलीकडच्या घरांतली त्याची नेहमीची कामे. चार दिवसांसाठी आणलेला बोर्ड कपाटामागे कायमचा होऊन बसतो, आणि बरेचसे धोके तिथूनच सुरू होतात.

क्षमता

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. आयएस १२९३ या भारतीय मानकात घरगुती थ्री-पिन प्लग आणि सॉकेट मुख्यतः ६ व १६ अँपिअर अशा दोन क्षमतांचे आहेत. दुकानात त्यांना अजूनही ५ आणि १५ अँपिअरचेच म्हणतात. ६ अँपिअरवर जास्तीत जास्त १,३८० वॅट चालतात, १६ वर ३,६८० वॅट. मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा, इस्त्री ७५० ते १,००० ची, पाणी तापवायचा रॉड १,००० ते १,५०० चा, इंडक्शन शेगडी २,००० च्या आसपास. बोर्डाला चार सॉकेट असले, तरी ६ अँपिअर ही मर्यादा चारही मिळून असते, प्रत्येकी नव्हे. इस्त्री आणि मिक्सर एकदम लावले की ती संपलीच म्हणायची.

बोर्डाची खरी ताकद त्यातल्या सर्वांत कमजोर भागाइतकी. सॉकेट १६ अँपिअरचे आणि वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, असे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. ०.७५ ची वायर ६ अँपिअरच्याच कामाची. १६ अँपिअरच्या बोर्डाला तांब्याची किमान १.५ चौ.मिमी. वायर हवी, लांबी जास्त असेल किंवा रोज मोठा भार असेल तर २.५. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम असते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती वायर घेऊ नये.

‘खाली एमसीबी आहे, काही झाले तर पडेल’ हा समज फार महागात पडतो. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच, भिंतीतल्या वायरीच्या मापाने बसवलेला असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला १२ अँपिअर हा नेहमीचाच भार, त्यावर तो पडत नाही. तेवढ्याच करंटने बोर्डाची बारीक वायर मात्र तापत राहते. शॉर्ट झाल्यावर एमसीबी पडतो, पण तोवर इन्सुलेशन वितळून गेलेले असते. म्हणून बोर्डालाच स्वतःचा फ्यूज किंवा ओव्हरलोडचे बटण असावे. स्पाइक गार्ड हे त्याला पर्याय नव्हेत. ते व्होल्टेजचा क्षणिक झटका शोषतात, जादा भार थांबवत नाहीत.

उष्णता कुठे साठते

करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. ०.७५ ची २० मीटर लांब वायर घेतली आणि तिच्यावर १० अँपिअर भार टाकला, तर जाण्यायेण्याच्या मिळून ४० मीटर तारेत सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. तीच वायर वेटोळे करून गादीखाली किंवा चटईखाली सारली, की सगळी उष्णता एका जागी कोंडते. रिळावरची वायर पूर्ण उलगडल्याशिवाय मोठा भार लावू नये, याचे कारण हेच.

आगीची सुरुवात मात्र बहुधा वायरीत होत नाही, ती सैल जोडात होते. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या पिनला दाबून धरतात. वापराने त्या सैल पडल्या की स्पर्शाची जागा कमी होते, तिथे उष्णता वाढते, पट्टीचा ताण जातो आणि जोड आणखी सैल होतो. अशा प्लगची पिन काढून पाहिली तर एका बाजूला काळपट-निळसर डाग दिसतो आणि सॉकेटच्या छिद्राभोवती प्लास्टिक पिवळसर होऊन किंचित फुगलेले असते. चरचर आवाज, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास, प्लग हलवला की उपकरण बंद-चालू होणे ही पुढची लक्षणे. इस्त्री पंधरा-वीस मिनिटे चालवून बटण बंद करावे, प्लग काढून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलावे. पिना घासून किंवा छिद्रात काडी खोचून काम भागवू नये.

मल्टिप्लगवर दोन-तीन जड अडॅप्टर लटकले की त्यांच्या वजनानेच पट्ट्या वाकतात. कुठलीही पिन स्वीकारणारे, पण स्वतः दोनच पिनांचे मल्टिप्लग घरात नसावेतच. त्यातून थ्री-पिन उपकरणाचे अर्थिंग सरळ तुटते. १६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवून देणारे कन्व्हर्टरही तितकेच वाईट.

बोर्ड भरून घेताना

इलेक्ट्रिकच्या दुकानातून सुटे भाग घेऊन वायरमनकडून बोर्ड भरून घ्यायची पद्धत चांगली आहे, कारण माप आपल्या हातात राहते. सॉकेट, थ्री-पिन टॉप (म्हणजे प्लग) आणि वायर आयएसआय चिन्हाची असावी. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. थ्री-कोअर वायरीत तपकिरी किंवा लाल फेज, निळी किंवा काळी न्यूट्रल, हिरवी अथवा हिरवी-पिवळी अर्थ. सॉकेट समोर धरून अर्थचे मोठे छिद्र वर ठेवले, की फेज उजवीकडे यायला हवा आणि बटण फेजवरच असावे. टोके साधारण १० मिमी सोलून, तारा पिळून, शक्यतो लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून स्क्रूखाली आवळाव्यात. सोल्डर लावलेले टोक स्क्रूखाली धरू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो. टॉपमध्ये अर्थची तार इतर दोन तारांपेक्षा जरा लांब ठेवावी, म्हणजे वायरीला हिसका बसलाच तर ती सर्वांत शेवटी सुटते. वायरीचा बाहेरचा पीव्हीसी थर क्लॅम्पखाली आला पाहिजे. मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको. वायर सलग घ्यावी.

पाणी आणि पूर

नळाला पाणी आले की ओल्या फरशीवर बोर्ड टाकून मोटार लावायची, यात अनवाणी पाय, धातूची बॉडी आणि ओलावा तिन्ही एकत्र येतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, त्यात लांब बारीक वायरीने व्होल्टेज पडते आणि मोटारीतले वाइंडिंग (तारेचे वेढे) तापते. मोटारीसाठी भिंतीवर छातीच्या उंचीला झाकणाचा कायमचा बॉक्स, स्वतंत्र एमसीबी, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हाच उपाय. आरसीसीबी शरीरातून जमिनीत जाणारा करंट ओळखून सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. एमसीबीला ते जमत नाही.

कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. पाणी चढू लागले की प्लग काढून बोर्ड माळ्यावर टाकावेत आणि मेन बंद करावा. मेनपाशी आधीच पाणी आले असेल तर त्याला हात न लावता महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. बुडालेला बोर्ड उन्हात वाळवून पुन्हा वापरू नये. पट्ट्यांमागे बसलेला बारीक गाळ ओल धरतो, स्प्रिंग गंजते आणि पाणी तारांच्या मधून वायरीत आतवर ओढले जाते. सोलून पाहिले तर तांबे काळे पडलेले दिसते. असा बोर्ड वायरीसकट टाकून द्यावा. भिंतीतली वायरिंग परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्यावी. रीडिंग किमान १ मेगओहम आले तरच मेन चालू करावा, तोही सगळे एमसीबी पाडून ठेवून, आणि मग एकेक एमसीबी वर करत जावे.