दंगलीतला जातीय हल्ला आणि ॲट्रॉसिटीचं अर्थसहाय्य: प्रकरण नेमकं कुठे अडतं

समाजकल्याण कार्यालयात अडकलेली बरीच प्रकरणं मुळात पोलीस ठाण्यातच फसलेली असतात. म्हणून सुरुवात एफआयआरपासून.

पात्रता सरळ आहे. पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा असावा, आरोपी या दोन्हींबाहेरचा असावा आणि गुन्हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजेच ॲट्रॉसिटीखाली, नोंदलेला असावा. नवबौद्धही यात येतात. दंगलीत इतर समाजातल्या कुणावर हल्ला झाला तर हे अर्थसहाय्य मिळत नाही; त्यांनी पंचनामा करून घ्यावा आणि पीडित भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

आता खरी अडचण. दंगलीनंतर पोलीस अनेकदा स्वतःच फिर्यादी होऊन ‘अज्ञात जमावा’वर एकच गुन्हा नोंदवतात. त्यात तुमचं घर नसतं, ॲट्रॉसिटीची कलमं नसतात. ‘गुन्हा दाखल झालाय, आता वेगळी तक्रार कशाला?’ असं सांगून परत पाठवलं जातं. परत जाऊ नका. स्वतःची फिर्याद द्या, ओळखलेल्यांची नावं सांगा, जातीवरून काय बोललं गेलं ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा. ‘शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलं तर कलम लागणं कठीण. हल्लेखोर गावातला, तुम्हाला वैयक्तिक ओळखणारा असेल तर तेही नोंदवा. ओळख सिद्ध झाली की त्याला तुमची जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. एखादं नाव नंतर आठवलं तर पुरवणी जबाब द्या. नोंद करायला आधी चौकशी हवी असं कुणी म्हणालं तर याच कायद्याचं कलम १८-अ दाखवा, तशी गरज नाही. तरीही नकार आला तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मदतीसाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे.

मुदतींचा गोंधळ तर कायमचाच. मदत ७ दिवसांत देणं आणि आरोपपत्र ६० दिवसांत दाखल करणं ही प्रशासनाची आणि पोलिसांची बंधनं आहेत. ‘आठवडा उलटला, आता मिळणार नाही’ असं समजून लोक घरी बसतात आणि साहेबही त्यांची समजूत दुरुस्त करत नाहीत! तुमच्यावरची मुदत एकच: तक्रार ऑनलाइन दिली असेल तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची.

कागदपत्रं: एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), आधार, बँक पासबुक, मार लागला असेल तर वैद्यकीय अहवाल आणि जातीचा दाखला. आधीचे कागद जमतात, घोडं अडतं ते दाखल्यावर. कित्येकांनी तो कधी काढलेलाच नसतो, ज्यांनी काढला त्यांचा घराबरोबर जळतो. जळाला असेल तर प्रांत कार्यालयातून दुसरी प्रत मागा. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो जोडला असेल तर शाळेत क्रमांक सापडू शकतो. मुळातच नसेल तर वडील-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला आजच लागा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि भूमिहीन मजुराच्या घरी तो कुठून असणार, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असतं. दाखल्याचा अर्ज करून पोच मात्र आधी घ्या आणि ती प्रकरणाला जोडा.

घर जळालं असेल तर पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावू नका, फोटो काढून ठेवा. घर पूर्ण जळालं वा पाडलं गेलं तर सरकारी खर्चाने पक्कं घर बांधून देण्याची तरतूद नियमांत आहे. ती आपणहून कुणी सांगत नाही, तेव्हा अर्जात वेगळी मागणी लिहा.

पैसे टप्प्याटप्प्याने येतात. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार जातिवाचक अपमानासाठी १ लाख: २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के आरोपपत्रानंतर, उरलेले शिक्षा झाल्यावर. मृत्यू झाल्यास ८ लाख २५ हजार, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. म्हणजे आरोपपत्र रखडलं की पैसेही रखडतात. ६० दिवस उलटले तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीला लेखी पत्र द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा.