शाळेतल्या खिचडीची पार्श्वभूमी: तीन किलो तांदळापासून शिजलेल्या ताटापर्यंत

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी पातेलं चुलीवरून उतरतं, तेव्हा त्यात किती जिन्नस पडलेला असावा हे कागदावर ठरलेलं असतं. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच सगळं दीडपट. म्हणजे प्राथमिकची ६० मुलं हजर असतील तर ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. यातला बहुतेक प्रत्येक नियम आधी काहीतरी बिघडलं म्हणून आलेला आहे. ते बिघाड माहीत असले की पालकांना शाळेत नेमकं काय विचारायचं हेही कळतं.

सुरुवात मद्रासची. १९२० मध्ये तिथल्या महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. मुलं उपाशी येत, किंवा येतच नसत, हे त्यामागचं साधं कारण. पुढे १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी ही कल्पना राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती मोठ्या प्रमाणावर वाढवली. महाराष्ट्रात त्या काळात शाळेतलं जेवण असं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी जुन्या पिढीच्या आठवणीत आहे, पण ती मदत दुष्काळापुरती होती.

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशातल्या २४०८ तालुक्यांत (गटांत) सुरू झाली. महाराष्ट्रात ती त्याच वर्षी नोव्हेंबरपासून आली. शिजवलेलं जेवण द्यायचं असा हेतू होता, पण बहुतेक राज्यांनी सोपी वाट धरली: ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो कोरडं धान्य. महाराष्ट्रात ते तांदूळ होते. पिशवी घरी गेली की ती सगळ्या घराची होते, आणि यात आईबापाचा काही दोष नाही. पाच माणसांच्या घरात ३ किलो तांदूळ दोन-तीन दिवसांत संपतात. मुलाच्या वाट्याला त्यातला पाचवा हिस्सा आला तरी खूप. शिवाय वाटपाच्या दिवशी हजेरी भरायची आणि एरवी दुपारी मूल उपाशीच बसायचं. शिजवलेलं अन्न शाळेतच खायला देणं हा या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे असं आम्ही मानतो, आणि तो शासनाने आपणहून केला नाही.

२००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारी गोदामं धान्याने भरलेली असताना लोक उपाशी का, हा तिचा प्रश्न होता. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं: सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण द्या, त्यात निदान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असू द्या. महाराष्ट्रातल्या शाळेत खिचडी शिजू लागली ती या आदेशानंतर. एप्रिल २००४ च्या आदेशात आणखी एक कलम आलं: स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावं. कोणाच्या हातचं कोण खातो हा प्रश्न गावागावांत होता, म्हणून हे सांगावं लागलं. एका पंगतीत एकाच पातेल्यातलं जेवण, हे या योजनेने शाळेत आणलेलं दुसरं शिक्षण आहे.

२००६ मध्ये प्राथमिकसाठी प्रमाण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांवर गेलं. पुढच्या दोन वर्षांत आठवीपर्यंतची मुलं योजनेत आली. त्यांच्यासाठी ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. हिशेब बघा. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३४० उष्मांक आणि ८ ग्रॅम प्रथिनं येतात, २० ग्रॅम डाळीतून ७० उष्मांक आणि ५ ग्रॅम प्रथिनं. तेल आणि भाजी धरून पोट भरण्याइतके उष्मांक होतात. पण डाळ निम्मी पडली तर प्रथिनं लगेच साडेदहा ग्रॅमवर येतात, आणि पिवळ्या रंगावरून ते कळत नाही. म्हणून पालकांनी पातेलं उघडल्यावर पाहण्यापेक्षा डाळ मोजताना उभं राहावं.

शिजवण्यातही अडचणी आहेत. उघड्या पातेल्यात तूरडाळ तांदळापेक्षा उशिरा शिजते. दोन्ही एकदम टाकलं की भात गळतो आणि डाळ दाताखाली येते. डाळ अर्धा तास भिजवून आधी उकळायची, मग तांदूळ टाकायचे. बोअरचं जड पाणी असेल तर वेळ आणखी वाढतो. मोड आलेल्या मटकीची उसळ सोमवारी ठेवली तर ती फसते, कारण मटकी आठेक तास भिजवून पुढे रात्रभर फडक्यात बांधावी लागते आणि रविवारी शाळा बंद असते.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात आणि ते शिजवलेल्या तेलाच्या डब्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेलाचा डबा, त्याचं झाकण, तो कुठे ठेवला, कशाशेजारी ठेवला, यावर आज जो भर दिला जातो तो त्या मुलांमुळे आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं. नोंदवहीत आठवडाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच वेळी केलेल्या दिसल्या तर तो मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावा.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झालं. २०१५ च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण मिळालं नाही तर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकलं तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. हा नियम फार थोड्या पालकांना माहीत आहे. कोरोनाकाळात शाळा बंद झाल्या तेव्हा पुन्हा कोरडं धान्य घरी गेलं, आणि १९९५ ची अडचण नव्याने दिसली.

२०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. तांदूळ केंद्राकडून येतात. डाळ, तेल, भाजी, मसाले, इंधन यांसाठीचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. ६० मुलांचे होतात ४०६ रुपये ८० पैसे. त्यात तीन किलो भाजी आणि सरपण किंवा गॅससुद्धा आलं. म्हणूनच शाळेची परसबाग हा शोभेचा उपक्रम राहत नाही. शेवगा, पालक, भोपळा तिथून आला तरच आठवडाभर भाजी पुरते.

स्वयंपाकी तथा मदतनीस ताईंचा हिशेब याहून कठीण. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० पर्यंत दोन, पुढे प्रत्येक शंभरामागे एक. केंद्राने २००९ मध्ये ठरवलेलं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २५०० वर नेलं. धान्य निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, यात त्यांचा जवळजवळ सगळा दिवस जातो. हे मानधन कमी आहे, आणि चांगली स्वयंपाकी टिकत नाही त्याचं मुख्य कारण तेच आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळी किंवा स्थानिक फळ द्यायचं ठरवलं. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास चांगली प्रथिनं मिळतात, आणि त्यात डाळीसारखी काटछाट करता येत नाही. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने अंडी आणि साखरेसाठीचा वेगळा निधी थांबला. तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व यादीत ऐच्छिक म्हणून उरले. साखर लोकसहभागातून आणायची. वर्गणी जमणाऱ्या गावात खीर शिजते. ऊसतोडीला निम्मं गाव बाहेर असतं तिथे ती शिजत नाही.