वॉल्टर ब्रेनन आणि दुय्यम भूमिकांचे ऑस्कर : पार्श्वभूमी

साहाय्यक अभिनेत्यांसाठी ऑस्करमध्ये वेगळे पारितोषिक असावे, हे अकादमीला सुचायला आठ समारंभ जावे लागले. मार्च १९३७ मधील नवव्या समारंभात ते प्रथम देण्यात आले, आणि ‘कम अँड गेट इट’मधील स्वीडिश लाकूडतोड्याच्या भूमिकेसाठी त्याचे पहिले मानकरी ठरले वॉल्टर ब्रेनन. मात्र मुख्य कलाकारांना पुतळा आणि यांना पाटी, असा भेद त्यातही होताच. पूर्ण आकाराचा पुतळा साहाय्यक कलाकारांच्या हाती पडला तो १९४४ मध्ये.

१८९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे जन्मलेले ब्रेनन पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते. पुढे लॉस एंजेलिसमधील जमिनींच्या व्यवहारांत हात पोळल्यावर ते पोटासाठी गर्दीच्या दृश्यांत उभे राहू लागले. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, त्या काळात अकादमीच्या मतदानात एक्स्ट्रा कलाकारांनाही स्थान होते. १९३८ च्या ‘केंटकी’साठी आणि १९४० च्या ‘द वेस्टर्नर’साठी ब्रेनन यांना पुन्हा ऑस्कर मिळाले व अभिनयाची तीन ऑस्कर मिळवणारे ते पहिले कलाकार ठरले, तेव्हा आपल्यातल्याच माणसाला या मंडळींनी भरभरून मते दिली, अशी चर्चा झाली. एक्स्ट्रांचा हा हक्क पुढे काढून घेण्यात आला, त्यामागेही हेच कारण असल्याचे मानले जाते. चर्चेत तथ्य असेलही. पण ‘द वेस्टर्नर’मधला लहरी, क्रूर आणि एका नटीवर वेड्यासारखा भाळलेला न्यायाधीश रॉय बीन पाहिल्यावर ते पारितोषिक केवळ मतांच्या बेरजेचे होते, असे म्हणवत नाही. उलट ती भूमिका दुय्यम कशी ठरवली, हाच खरा प्रश्न आहे.

ब्रेनन चाळिशीतच म्हातारे रंगवू लागले, याला त्यांचे दातही कारण होते. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळातच बरेचसे दात गेल्याने कवळी काढली की गाल बसत, हनुवटी वर येई आणि शब्द तोंडातल्या तोंडात घोळू लागत. पहिल्या भेटीत त्यांनी “दातांसह की दातांविना?” असे विचारले होते, अशी आठवण दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत. हॉक्स यांच्याच ‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) तर त्यावर एक उपकथानकच आहे : ब्रेनन यांचा ग्रूट पत्त्यांच्या डावात आपली कवळी हरतो आणि ती जिंकणारा सोबती त्याला ती फक्त जेवणापुरती परत देतो.

स्टुडिओंच्या करारपद्धतीत असे चरित्र अभिनेते पगारी असत आणि एका चित्रपटातून दुसऱ्यात सतत लागत. ब्रेनन सॅम्युअल गोल्डविन यांच्याकडे करारबद्ध होते. ही पद्धत ढासळत गेली तसे यातले अनेक जण दूरचित्रवाणीकडे वळले. ब्रेनन यांना तर १९५७ ते १९६३ पर्यंत चाललेल्या ‘द रिअल मॅकॉयज’ या मालिकेत आजोबांची मध्यवर्ती भूमिकाच मिळाली. चित्रपटांतले त्यांचे शेवटचे ऑस्कर नामांकन १९४१ च्या ‘सार्जंट यॉर्क’साठीचे. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मधला दारुडा एडी, ग्रूट आणि ‘रिओ ब्राव्हो’मधला तुरुंग राखणारा लंगडा स्टंपी, म्हणजे आज रसिकांना सर्वाधिक आठवणारे ब्रेनन, त्यानंतरचे आहेत, त्यांतल्या एकाही भूमिकेला नामांकन मिळाले नाही.